शेवटच्या माणसाची खूण

सहलीला निघायच्या आधी मी बाबांचा जुना लोकरीचा कोट उसवायला घेतला. अस्तर विरलं होतं, बगलेत कसर लागली होती आणि डावा खांदा नेहमीप्रमाणे बसला होता. बाबा पोस्टमन होते. उभा जन्म डाव्या खांद्यावर थैला अडकवून फिरल्यामुळे त्यांचा तो खांदाच खाली आला होता, आणि बाजारातला कुठलाही तयार कोट त्यांच्या अंगावर हँगर वाकडा झाल्यासारखा दिसायचा. माझं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांच्या प्रत्येक कोटात मी डाव्या खांद्याला कापसाची जाड गादी भरायची, शिवण जराशी मानेकडे ओढून घ्यायची आणि वरून दुहेरी टाका घालायची, म्हणजे लांबून दोन्ही खांदे सारखे वाटत.

"कशाला एवढा खटाटोप करतेस टिटवे?" बाबा म्हणाले. "तिकडे मला बघायला येणार कोण? पक्षीच ना?"

टिटवी मीच. लहानपणी फार कलकल करायची म्हणून हे नाव पडलं आणि केस पिकायला लागले तरी सुटलं नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, त्यामुळे कलकल करायला मला आणि ऐकायला त्यांना दुसरं माणूसही नव्हतं.

त्यांचे डोळे जात होते. नजरेचा मधला भाग पुसला गेला होता. समोर बघितलं की तिथे नुसता करडा डाग, आणि कडेनं मात्र थोडंफार दिसायचं. माझा चेहरा बघायचा तर त्यांना माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघावं लागे. "सगळ्यांकडे तिरकं बघतो म्हणून लोकांना वाटतं, म्हातारा संशयी झालाय," असं म्हणून स्वतःच हसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषध नाही, आणि कडेचंही फार दिवस टिकणार नाही. काही दाखवायचं असेल तर आताच दाखवा, म्हणाले.

त्यांना एकच गोष्ट बघायची राहिली होती. मुका रातवा. दिवसभर वठलेल्या खोडाच्या टोकावर ताठ बसून राहणारा, खोडाचाच तुटका फाटा वाटावा असा पक्षी. तो आयुष्यात कधी आवाज काढत नाही म्हणतात. दक्षिणेला, जिथे रस्ता संपतो त्याच्याही पुढच्या दलदलीत तेवढा उरलाय. बाबा तरुणपणापासून त्याच्याबद्दल बोलत आले होते आणि मी तरुणपणापासून जांभया देत आले होते. मला चिमणी आणि कावळा सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नाही. पण या वेळी ते म्हणाले, "तो एकदा दिसला ना, की मग डोळे गेले तरी माझी तक्रार नाही." मला रागच आला त्यांचा. त्याच रागात मी दोघांची नावं सहलीसाठी नोंदवून टाकली.

गट लहान होता. एक दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस. एक गृहस्थ इतकी लांबलचक लेन्स घेऊन आले होते की बाबांनी पहिल्याच संध्याकाळी त्यांचं नाव तोफखाना ठेवलं, आणि त्यांनाही ते आवडलं. एक ड्रायव्हर. आणि गाईड. ही तिशीची, काटक, कमी बोलणारी मुलगी होती. पत्र्याच्या छपराच्या लॉजमध्ये गमबुटांच्या रांगेसमोर उभं राहून तिनं आम्हाला नियम समजावले.

"दलदलीत फळ्यांची वाट आहे. एका वेळी एकच माणूस मावतं, मधे कुणाला ओलांडून जाता येत नाही. आणि एकदा फळीवर पाय ठेवला की तोंड उघडायचं नाही. हा पक्षी बोलण्याच्या आवाजानं उडतो. मी हात वर केला की थांबायचं. मी बोट दाखवीन तिकडे बघायचं. ज्याला दिसेल त्यानं गप्प उभं राहायचं. सगळ्यात शेवटी जो असेल त्याला दिसला, की त्यानं पुढच्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. पुढच्याला दिसला असेल तर त्यानं त्याच्या पुढच्याला. असं करत ती खूण माझ्यापर्यंत आली की मगच मी हलणार."

"आणि शेवटच्याला दिसलाच नाही तर?" तोफखान्यांनी विचारलं.

"तर उभं राहायचं. शेवटच्या माणसाला दिसल्याशिवाय माझा गट हलत नाही."

बाबांना ती मुलगी तिथल्या तिथे आवडली. "पहिल्यांदाच कुणीतरी मागे राहणाऱ्यांचा विचार केलाय," असं ते मला रात्री पांघरुणातून म्हणाले. आयुष्यभर लोकांच्या दारात ताटकळलेल्या माणसाला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं असणार.

पहिल्या दिवशी आम्ही भरपूर पक्षी बघितले, तो सोडून. रांगेत शेवटी ड्रायव्हर असायचा, त्याच्यापुढे बाबा, त्यांच्यापुढे मी. ड्रायव्हरला पक्ष्यांत काडीचा रस नव्हता, पण तो मुकाट्यानं बघायचा आणि मुकाट्यानं थोपटायचा. दुसऱ्या दिवशी वाटेतच गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हरनं जादा चाक चढवून आम्हाला फळ्यांच्या तोंडाशी सोडलं आणि फाटकं चाक दुरुस्त करून आणायला तो गावाकडे गेला. संध्याकाळी न्यायला येणार होता. मग शेवटी उभं कोण राहणार, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "मी राहतो. मला वेळ लागतो, माझ्यामागे उगाच कुणी खोळंबायला नको." मी म्हटलं, तुम्ही माझ्यापुढे चला. तर म्हणाले, "तुझा हत्तीसारखा पाय पडतो माझ्या टाचेवर." सगळे हसले. मीही हसले आणि पुढे झाले.

ती वाट कुणी आणि कशासाठी घातली असेल ते देव जाणे. काळ्या, बुळबुळीत फळ्या, आणि दोन्ही बाजूंना चहाच्या चोथ्याच्या रंगाचं पाणी. पाण्यात मेलेली झाडं उभी होती. पडत का नव्हती कळत नव्हतं. त्यांच्या अंगावर शेवाळ लोंबत होतं आणि हवेला भिजलेल्या लाकडाचा आणि गंजक्या लोखंडाचा वास होता. वारा नव्हता. उजेड सगळीकडून सारखाच येत असल्यामुळे कुणाची सावली पडत नव्हती. ऐकू येत होती ती फक्त फळ्यांची करकर, प्रत्येकाच्या पायाखाली वेगळी.

बाबांची पावलं मी झोपेतही ओळखते. उजवा पाय टेकतो, डावा किंचित घासतो. ती करकर माझ्या पाठीशी होती आणि तिच्या आधारानं मी चालत होते. गाईडनं मधेच एकदा हात वर केला आणि आम्ही सगळे थांबलो. बाबाही थांबले. त्यानंतर मागे कुठेतरी एक फळी पुन्हा करकरली. जुनं लाकूड आहे, वजन उठलं की सावकाश वर येतं, असं मी स्वतःला सांगितलं.

मग बऱ्याच वेळानं गाईडनं पुन्हा हात वर केला, आणि या वेळी तो तसाच वर राहिला. दुसऱ्या हातानं तिनं पाण्यातल्या एका खोडाकडे बोट केलं.

मला आधी काहीच दिसेना. खोड, त्याचं मोडकं टोक, शेवाळ. दुर्बिणीतून बघून बघून डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्या मोडक्या टोकाला एक फट पडली. पिवळी, बारीक फट. ती हळूच मिटली. त्याबरोबर मला अख्खा पक्षी दिसला. सालीसारखी पाठ, वर केलेली चोच, गच्च धरलेली नखं. तो मला कधीपासून बघत असणार. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. बाबा ज्याच्यासाठी झुरत होते तो हाच.

आता फक्त बाबांना दिसायला हवा होता. मी पुढे तोंड करून, श्वास धरून उभी राहिले. मला ठाऊक होतं, ते मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं, इंच इंच शोधत असणार. मी मागे वळून बघितलं नाही, त्यांना घाई झाल्यासारखं वाटेल म्हणून. पुढे मिसेस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. आणि माझ्या खांद्यावर थोपटलं गेलं. दोनदा.

मला रडूच आलं. मी डोळे पुसले आणि मिसेसना थोपटलं, त्यांनी डॉक्टरांना, डॉक्टरांनी तोफखान्यांना. खूण गाईडपर्यंत गेली. ती वळून हसली. आणि हसता हसता तिची नजर आमच्या डोक्यांवरून मागे गेली आणि हसणं थांबलं. तिनं हातानं गोल करून दाखवलं की मागे फिरा. आम्ही आलो त्या बाजूनं धुकं येत होतं, पाण्यालगत, चादर ओढल्यासारखं.

फळीवर कुणाला ओलांडता येत नाही, त्यामुळे मागे फिरायचं म्हणजे प्रत्येकानं जागच्या जागी वळायचं आणि शेवटच्यानं पहिलं व्हायचं. मी वळले तेव्हा बाबा माझ्याकडे तोंड करूनच उभे होते, नजर माझ्या कानापलीकडे.

"दिसला ना?" मी अगदी हळू विचारलं.

"मला नाही गं," ते म्हणाले. "मी शोधतच होतो. पण मागून खूण आली. म्हटलं, मागच्याला दिसलाय, पुढच्यांना पण दिसला असणार, मी एकटा कशाला सगळ्यांना अडकवून ठेवू? म्हणून दिली पुढे."

"मागच्याला म्हणजे?"

"ड्रायव्हर. आला की मघाशीच."

मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. फळ्या होत्या, आणि फळ्यांवर धुकं होतं.

परत फिरला असेल, मी मनात म्हटलं. चाकाचं काम लवकर झालं असेल, आम्हाला गाठायला आला असेल, धुकं बघून मागे वळला असेल. माणूस अशा वेळी स्वतःची समजूत किती पटकन घालतो. आणि माझ्या मनात त्या क्षणी भीतीपेक्षा वाईट वाटणंच जास्त होतं, की एवढं येऊन यांना दिसला नाही आणि भिडेपोटी यांनी दिसल्याची खूण दिली. मी म्हटलं, "उद्या पुन्हा येऊ." ते म्हणाले, "बघू," आणि वळून चालायला लागले.

आता बाबा सगळ्यांच्या पुढे होते. मी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या मागे मिसेस, मग डॉक्टर, मग तोफखाना, आणि अगदी शेवटी गाईड. धुक्यानं आम्हाला गिळायला वेळ लावला नाही. मला माझं मनगट दिसत होतं, त्यापुढे बाबांच्या कोटाची पाठ जेमतेम. माझा जीव टांगणीला लागला, कारण पुढे चालणाऱ्याला समोरचं काहीच दिसत नव्हतं, धुक्यातही आणि धुक्याशिवायही. पण ते चालत होते. अडखळत नव्हते, चाचपत नव्हते. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना इतक्या भरभर चालताना पाहिलं नव्हतं.

"हळू चला बाबा. पायाखाली बघा."

"बघायचंय काय त्यात? पुढचा चालतोय, मी त्याच्या मागे."

मी थांबले. माझ्या हातातल्या खांद्याला ओढ बसली म्हणून तेही थांबले. मिसेस येऊन माझ्या पाठीवर आदळल्या. आणि पुढे, आम्ही सगळे थांबल्यावर, एक फळी करकरली.

"काय झालं?" मागून गाईडचा आवाज आला. धुक्यात तो कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. "का थांबलात?"

"पुढे कुणीतरी आहे," मी म्हणाले. "ड्रायव्हर आहे का?"



"ड्रायव्हर गावात आहे ताई. जाऊन यायलाच निम्मा दिवस लागतो." मग तिनं विचारलं, "काका... पुढे कोण आहे?"

"मला कुठे दिसतंय?" बाबा म्हणाले. "विचारतो थांबा. अहो... अहो, पुढचे. कोण तुम्ही?"

पाण्यात कुठेतरी एक बुडबुडा फुटला. गाईडनं सांगितलं की सगळ्यांनी एकेक करून आवाज द्या. तिनं दिला, तोफखान्यांनी दिला, डॉक्टरांनी, मिसेसनी, मी, बाबांनी. मग आम्ही ऐकत राहिलो. पुढून आवाज आला नाही. पण तिथे कुणी नाही असंही वाटत नव्हतं. दाराआड माणूस श्वास धरून उभं असलं की घरातल्याला कळतं ना, तसं कळत होतं.

"इथे थांबू या," मी म्हणाले. "धुकं जाईपर्यंत इथेच बसून राहू."

"पाणी चढतंय," गाईड म्हणाली. "खाडीला भरती आहे. फळ्या बुडतील ताई. चालावंच लागेल." तिच्या आवाजात भीती होती, आणि तिला भीती वाटली म्हटल्यावर मिसेस रडायला लागल्या.

मी खाली बघितलं. पाणी फळीच्या कडेला टेकलं होतं.

"हात पुढे केलाय त्यानं," बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात. "धर म्हणतोय."

"नका धरू."

"अगं..."

"बाबा, नका धरू. माझं ऐका. नका धरू त्याचा हात."

ते वळले नाहीत. फक्त मान थोडी कलती केली, मला डोळ्याच्या कडेनं बघायला करायचे तशी. "टिटवे, मला समोरचं काही दिसत नाही. कुणाला तरी धरायलाच हवं ना गं."

आणि आम्ही चालायला लागलो.

मी माझे दोन्ही हात त्यांच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले आणि कोट मुठीत पकडला. मी बोलत राहिले. काय वाटेल ते बोलले. घरी गेल्यावर कुणाचे कपडे द्यायचे राहिलेत, खालच्या जिन्याचा दिवा कसा दुरुस्त करायचाय, शेजारीण कशी भांडते. ते "हं, हं" करत होते. पाणी फळ्यांवरून वाहायला लागलं होतं आणि पायाखाली करकर ऐकू येणं बंद झालं, फक्त पाण्याचा चपचप आवाज. मी मिसेसना ओरडून सांगितलं की मला धरा, त्यांनी माझ्या कमरेला मिठी मारली. मी एवढंच मनाशी म्हणत होते की हे खांदे माझ्या हातात आहेत तोवर सगळं ठीक आहे.

कोट भिजून जड झाला होता. माझा डावा अंगठा सवयीनं शिवणीवरून फिरत होता, मी घातलेला दुहेरी टाका चाचपत. कापड हाताशी आलं की माझी बोटं आपोआप शिवण शोधतात, धंद्याची खोड आहे. आणि चालता चालता कधीतरी माझ्या लक्षात आलं की अंगठ्याला टाका लागत नाहीये. शिवणच लागत नाहीये. दोन्ही खांदे सारख्या उंचीचे होते. गादीनं सारखे केलेले नव्हेत, मुळातले सारखे. आणि लोकरीखाली जे होतं ते कडक होतं, थंड होतं.

"बाबा?" मी म्हटलं.

"हं," असं आलं.

तो आवाज बाबांचा होता. मी आजही शपथेवर सांगेन. पण पावलं त्यांची नव्हती. त्या पाण्यातसुद्धा मला कळलं असतं, डावा पाय घासत नव्हता.  हात सोडावे असं वाटलं, आणि सोडले तर ते जिथे असतील तिथून कायमचे सुटतील असंही वाटलं. मी सोडले नाहीत. उलट आणखी घट्ट धरले, उजवा हात तर इतका की बोटांत कळ आली. ते खांदे मला ओढत होते आणि मी जात होते, आणि माझ्या मागून ती सगळी माणसं येत होती.

मग पायाला खडी लागली. धुकं विरळ झालं, गाडीचे दिवे दिसले. ड्रायव्हर दार उघडून पळत येत होता. मिसेसनी माझी कंबर सोडली आणि त्या तिथेच खाली बसल्या. डॉक्टर आले, तोफखाना आले, गाईड आली.

"वडील कुठे आहेत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी समोर बघितलं. फळ्यांची वाट जिथे सुरू होते तिथे एक लाकडी खांब आहे, त्यावर शेवाळ साचून त्याची लोकर झालीय. माझे दोन्ही हात त्या खांबाला कवटाळून होते. डॉक्टरांना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पुढचे काही दिवस शोधणारे आले, होड्या आल्या, बांबूंनी तळ चाचपून झाला. पाणी जेमतेम कमरेएवढं होतं. वाटेला कुठे फाटा नाही, कुठली फळी तुटलेली नाही. मिसेसनी पोलिसांना सांगितलं की ही बाई शेवटपर्यंत कुणाशीतरी बोलत होती आणि पुढून कुणीतरी "हं" म्हणत होतं, ते त्यांनीही ऐकलं. बाबांचा कोट सापडला नाही, बूट सापडले नाहीत, टोपी सापडली नाही. मी एकटी घरी आले. त्यांच्या चपला अजून दाराशी आहेत, मी त्या उचलत नाही.

लोक म्हणाले, वय झालं होतं, अपघात झाला, मनाला लावून घेऊ नका. मी मान हलवते आणि मशीन चालवते. काम करावंच लागतं. उजव्या हाताचं मात्र काहीतरी झालंय. मधेच तो माझा नसल्यासारखा होतो. सुई बोटात घुसते, रक्त येतं, आणि मला ते कापडावर बघितल्यावर कळतं. डॉक्टर म्हणतात नसा ठीक आहेत.

काल दुपारी गाईडचा फोन आला. त्या घटनेनंतर तिनं काम सोडलं होतं. आता पुन्हा धरलंय, म्हणाली, दुसरं काही येत नाही मला. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. मी हातातल्या जाकिटाची तुरपाई थांबवली आणि फोन डाव्या कानाला धरून बसले.

"आता दिसतो तो पक्षी," ती म्हणाली. "रोज दिसतो, ताई. शेवटच्या माणसाला सगळ्यात आधी दिसतो. मी ड्रायव्हरलाच शेवटी ठेवते. तो सांगतो की मागून कुणीतरी खांदे धरतं आणि हळूच वळवतं. तिकडे बघ, असं. जबरदस्ती नाही करत. डाव्या खांद्यावरचा हात म्हाताऱ्या माणसाचा आहे म्हणतो... थरथरतो."

 म्हणजे बाबांना तो दिसला होता. आता रोज दिसत होता आणि ते मागे राहणाऱ्यांना दाखवत होते. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा बरं वाटलं.

"आणि उजव्या खांद्यावर?" मी विचारलं.

 

"तेच सांगायला केला फोन," ती म्हणाली. "उजव्या खांद्यावरचा हात वेगळा आहे. बाईचा. तो थरथरत नाही, घट्ट धरतो. परत येताना तो सोडत नाही, ताई. आज सकाळी ड्रायव्हर कसाबसा सुटला, खांदा काळानिळा झालाय त्याचा. आता तो यायला तयार नाही. त्याच्या जागी कुणीच उभं राहायला तयार नाही. तो म्हणतो, त्या हाताच्या मधल्या बोटाला धातूची टोपी आहे. गार. तीच रुतली."

मी मांडीवरच्या माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मधल्या बोटात अंगुस्तान होतं, सुई रुतू नये म्हणून तुरपाई करताना घालते तसं. सकाळी उठल्यापासून मी ते काढलेलं नव्हतं. मी फोन खाली ठेवला आणि डाव्या हातानं ते ओढून काढलं. आतून चहाच्या चोथ्याच्या रंगाचं पाणी निघालं, आणि जाकिटाच्या अस्तरावर सांडत राहिलं. एवढ्याशा अंगुस्तानात मावेल त्यापेक्षा ते फार जास्त होतं.